तिसऱ्या दिवशीची नाडी

बायपासनंतरच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा म्हणाले, "आत काहीतरी फडफडतंय रे. कबुतर अडकल्यासारखं."

छातीतल्या नळ्या सकाळीच काढल्या होत्या. आप्पांनी अर्धी इडली खाल्ली होती आणि श्वासाच्या व्यायामासाठी दिलेल्या त्या प्लास्टिकच्या खेळण्यात तीनपैकी दोन गोळ्या वर ओढून दाखवल्या होत्या. आता काळजीचं कारण नाही, असं आम्ही नातेवाइकांना फोन करकरून सांगून मोकळे झालो होतो. सिस्टर आल्या. त्यांनी आधी मॉनिटरकडे पाहिलंच नाही. आप्पांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ लावून पुरा एक मिनिट नाडी मोजली. मग मान वर केली. पडद्यावर आकडे उड्या मारत होते : 138, 112, 151, 124. "एएफमध्ये गेलेत," त्यांनी फोनवर डॉक्टरांना सांगितलं. आवाजात घाई होती, घबराट नव्हती. ही बातमी त्यांनी या वॉर्डात कितीतरी वेळा दिली असणार, हे त्या आवाजावरूनच कळलं.

एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी, म्हणजे अलिंदांनी, एका तालात आकुंचन पावायचं सोडून मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसतं थरथरत राहायचं. त्या गोंधळातले काही ठोके खालच्या निलयांपर्यंत पोचतात, काही वाटेतच अडतात आणि नाडी कशीही, केव्हाही पडते. बायपास झालेल्या दर तीन-चार माणसांत एकाला हे होतं. बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान होतं, म्हणजे घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात नेमकं तेव्हाच. आप्पा घरी आल्यावर मी या फडफडीचा माग काढत मागे मागे जात राहिलो. तेव्हा ध्यानात आलं, की या इतिहासातल्या पहिल्या खुणा अनेकदा आजारी माणसांनीच दाखवलेल्या आहेत. मोठेपण त्या डॉक्टरांचं, ज्यांनी त्या खुणा कानाआड केल्या नाहीत.

नाडीचा ताल बिघडतो, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतंच. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीवरून ओळखायला सांगितली आहे आणि अडखळत, थांबत चालणारी नाडी घातक मानली आहे. पण आत नेमकं काय बिघडलंय, हे बोटांना कळत नव्हतं. ते उलगडायला सुरुवात झाली बर्नली या गावात. लँकेशायरमधलं हे कापडगिरण्यांचं गाव. जेम्स मॅकेंझी तिथे साधे जनरल प्रॅक्टिशनर होते. त्यांच्या डोळ्यांदेखत एक तरुण बाई बाळंतपणात हृदय थकून गेली. आपल्याला हे आधी कळायला हवं होतं, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. तेव्हापासून ते आपल्या रुग्णांच्या मनगटाच्या नाडीबरोबर गळ्यातल्या शिरेचे हेलकावेही कागदावर उतरवू लागले. पुढे एका घड्याळजीच्या मदतीनं त्यांनी त्यासाठी शाईनं रेघा काढणारं यंत्रही करून घेतलं.

गिरणगावात वर्षानुवर्षं एकाच जागी दवाखाना चालवण्याचा फायदा असा, की तेच रुग्ण पुन्हा पुन्हा येतात. झडपेचा आजार असलेल्या एका रुग्णाकडे मॅकेंझी असेच अनेक वर्षं लक्ष ठेवून होते. 1898 साली त्या रुग्णाची नाडी एकाएकी पार विस्कटली. मॅकेंझींनी जुने कागद काढले आणि नव्यांशेजारी ठेवले. गळ्याच्या शिरेच्या आलेखात अलिंदाच्या आकुंचनाची एक छोटी लाट असते. जुन्या कागदांवर ती दर ठोक्याआधी दिसत होती, नव्यावर नव्हतीच. अलिंद लुळं पडलं, असा अर्थ त्यांनी आधी लावला. तो चुकीचा होता. पण लाट नाहीशी झाली हे निरीक्षण पक्कं होतं आणि पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. त्यांचे शिष्यवत सहकारी थॉमस लुईस यांनी 1909 मध्ये लंडनमध्ये आइंथोव्हेन यांच्या नव्या ईसीजी यंत्रानं दाखवून दिलं, की अलिंद लुळं पडलेलं नसतं, ते थरथरत असतं. त्याच वर्षी व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग हेही याच निष्कर्षाला पोचले. लुईस एवढ्यावर थांबले नाहीत. घोड्यांनाही हा आजार होतो हे कळल्यावर त्यांनी अशा घोड्यांच्या हृदयांचा अभ्यास केला.

निदान झालं. पुढे करायचं काय? हाताशी एक जुनं औषध होतं, डिजिटॅलिस. बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांना त्याचा सुगावा श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या काढ्यावरून लागला होता. अंगावरची सूज उतरवायचा हा तिचा घरगुती उपाय होता आणि त्यात वीसेक वनस्पती पडत. त्यातली कामाची फॉक्सग्लोव्ह हे विदरिंग यांनी हेरलं आणि 1785 साली त्यावर पुस्तक लिहिलं. डिजिटॅलिस नाडीचा वेग आवरतं, पण विस्कटलेला ताल जुळवत नाही. ताल जुळवता येतो, हे डॉक्टरांना एका व्यापाऱ्यानं शिकवलं.

ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वात प्रिय आहे. डच डॉक्टर कारेल वेंकेबाख हे त्या काळात हृदयाच्या तालाचे मोठे जाणकार. त्यांच्याकडे एक डच व्यापारी आला. त्याला अनियमित नाडीचे झटके येत आणि त्या वेळीही त्याची नाडी विस्कटलेली होती. वेंकेबाख यांनी तपासलं, धीर दिला आणि हा ताल बळेच जुळवता येईल असं औषध आपल्याकडे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं. व्यापाऱ्याचं समाधान झालं नाही. मला माझ्या व्यवहारात शिस्त लागते, तशी हृदयातही हवी. हृदयाचे तज्ज्ञ एवढंही करू शकत नसतील तर ते आहेत कशाला, असं त्यानं विचारलं. वर म्हणाला, हे कसं करायचं ते मला माहीत आहे. उद्या सकाळी येतो, तेव्हा नाडी सरळ चाललेली असेल.

दुसऱ्या दिवशी तो आला. वेंकेबाख यांनी मनगट धरलं. नाडी एका चालीनं चालली होती.

हिवतापाच्या मुलखात वावरलेला हा माणूस पदरी क्विनाइन बाळगून असे. कधीतरी त्याच्या ध्यानात आलं, की एक ग्रॅम क्विनाइन घेतलं की वीस-पंचवीस मिनिटांत छातीतली गडबड शमते. वेंकेबाख यांच्या मोठेपणाची खूण ही, की रुग्णानं आपल्याला शिकवलं हे त्यांनी दडवलं नाही. त्यांनी ते औषध इतर रुग्णांना देऊन पाहिलं, ते थोड्याच जणांना लागू पडलं हेही नोंदवलं आणि 1914 सालच्या आपल्या पुस्तकात या व्यापाऱ्याची हकीकत सविस्तर लिहिली. ती वाचून जर्मनीत वॉल्टर फ्राय यांनी सिंकोनाच्या सालीतली क्विनाइनची भावंडं एकेक करून तपासली आणि 1918 साली क्विनिडिन सगळ्यात गुणकारी ठरल्याचं कळवलं. तालावरच्या औषधांचं घराणं इथून सुरू झालं. क्विनिडिनची दुसरी बाजू पुढच्या काळात उघड झाली. काही रुग्ण ते घेऊन अचानक कोसळत, काही दगावत.

तोवर एएफ हा झडपा निकामी झालेल्यांचा आणि म्हाताऱ्यांचा आजार होता. बायपासशी त्याची गाठ पडायला ती शस्त्रक्रियाच अजून जन्मायची होती. ती आणली रेने फावालोरो यांनी. अर्जेंटिनात ला प्लाता इथे जन्मलेले फावालोरो 1950 साली ला पाम्पातल्या हासिंतो अराउस या धुळीनं भरलेल्या खेड्यात बदली डॉक्टर म्हणून काही महिन्यांसाठी गेले आणि बारा वर्षं राहिले. पुढे त्यांचा भाऊही तिथे आला. दोघांनी मिळून छोटं रुग्णालय उभारलं, रक्तदात्यांची फळी बांधली. अडतीस-एकोणचाळिसाव्या वर्षी, म्हणजे लोक स्थिरावतात त्या वयात, हा माणूस सगळं सोडून अमेरिकेत क्लीव्हलँडला पुन्हा शिकाऊ झाला. तिथे मेसन सोन्स यांनी 1958 मध्ये हृदयाच्या रोहिण्यांचे एक्स-रे चित्रपट घेण्याची युक्ती शोधलेली होती. काम संपलं की फावालोरो त्या फिती लावून तासन्‌तास पाहत बसत. नळी कुठे तुंबली आहे हे दिसतंय, मग तिला वळसा का घालू नये? 9 मे 1967 रोजी त्यांनी एक्कावन्न वर्षांच्या एका बाईच्या पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या रोहिणीत बसवली. त्यांच्याआधीही न्यू यॉर्कमध्ये, ह्यूस्टनमध्ये आणि लेनिनग्राडमध्ये तुरळक प्रयत्न झाले होते. पण ही शस्त्रक्रिया रोजच्या वहिवाटीत आली ती क्लीव्हलँडमधून. भारतात 1975 साली मद्रासला पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी बायपास यशस्वी केली.

बायपासच्या या विजयातच तिसऱ्या दिवसाची फडफड दडलेली होती. रक्त हृदयाबाहेरच्या यंत्राकडे न्यायची नळी बहुधा उजव्या अलिंदाला भोक पाडूनच घालतात. थंड द्रव सोडून हृदय थांबवतात, तेव्हा जाड निलय चांगलं गारठतं, पातळ अलिंद मात्र लवकर कोमट होतं आणि त्याचं रक्षण कमी होतं. पुढचे दोन-तीन दिवस जखमेभोवतीचा दाह वाढत जातो, शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा चालू असतो आणि अंगात मुरलेलं पाणी रक्तात परतून अलिंदाला ताण देतं. त्यात पोटॅशियम खाली गेलं, की मग ठिणगी पुरते. वय जितकं जास्त तितका धोका जास्त. आप्पा एकाहत्तर वर्षांचे होते.

खरं तर शस्त्रक्रियेनंतरचं एएफ हृदयविकाराच्या आयसीयूमुळे आणि अखंड चालणाऱ्या मॉनिटरमुळेच एवढ्या प्रमाणात दिसू लागलं. पूर्वी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात येऊन गेलेलं एएफ कुणाला कळलंही नसतं. कळल्यावर तातडीचा उपाय तयार होता. बोस्टनमध्ये बर्नार्ड लाऊन यांनी 1962 मध्ये डीसी शॉक नेमक्या क्षणाला, ठोक्याच्या सुरक्षित भागावर, देण्याची रीत बसवली होती. हेच लाऊन पुढे अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारून 1985 मध्ये शांततेचं नोबेल घ्यायला ऑस्लोला गेले, तेव्हा पत्रकार परिषदेत एका सोव्हिएत पत्रकाराचं हृदय बंद पडलं आणि व्यासपीठावरचे अमेरिकी आणि सोव्हिएत डॉक्टर खाली धावून त्याची छाती दाबू लागले. तर शॉकनं ताल परत येई. पण कारणं तशीच असत, त्यामुळे कित्येकांत काही तासांत पुन्हा फडफड सुरू होई.

ती मुळात येऊच नये म्हणून काय करायचं, या प्रश्नावर पहिली काही वर्षं चक्क उलट दिशेनं गेली. जेम्स ब्लॅक यांनी 1964 मध्ये प्रोप्रॅनोलॉल आणलं होतं. हृदयाला प्राणवायू वाढवून देण्याऐवजी त्याची मागणीच कमी करायची, ही त्यांची साधी आणि विलक्षण कल्पना. छातीत दुखणाऱ्या असंख्य रुग्णांना त्याचा आधार होता. पण भूल देणाऱ्यांना धास्ती वाटे, की हे औषध अंगात असताना शस्त्रक्रिया केली तर हृदय नंतर जोर धरणार नाही. म्हणून 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ते शस्त्रक्रियेच्या कित्येक दिवस आधी बंद करण्याची पद्धत पडली. लगाम ऐन वेळी काढून घेतल्यावर घोडं उधळणारच. काही रुग्णांना टेबलावर जाण्याआधीच हृदयविकाराचा झटका आला आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यात नंतर एएफ वाढलं. औषध तसंच चालू ठेवावं, लवकर पुन्हा सुरू करावं, हे एकेका चाचणीतून ठरत गेलं. 1991 मध्ये अशा अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा विदरिंगच्या घराण्यातलं डिगॉक्सिन या कामी निरुपयोगी ठरलं आणि प्रोप्रॅनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर औषधांचा गुण निर्विवाद दिसला. औषध आधीच बंद करण्याची ही चूक धास्तीपोटी झाली होती, बेपर्वाईनं नव्हे. तरी ज्यांना ती भोवली त्यांची आठवण ठेवल्याशिवाय मला हा परिच्छेद पुरा करवत नाही.

दुसरं औषध आलं नाईलच्या काठावरून. इजिप्तमध्ये खेल्ला नावाची वनस्पती मूतखड्याच्या कळांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. ओवा, बडीशेप, कोथिंबीर यांच्याच कुळातली ती. कैरोत त्या वेळी ग्लेब आन्रेप हे रशियन शरीरशास्त्रज्ञ काम करत. ते पावलोव्ह यांचे शिष्य, आणि पावलोव्ह यांची व्याख्यानं इंग्रजीत आणणारेही तेच. त्यांच्या प्रयोगशाळेतला एक तंत्रज्ञ छातीत दुखण्यानं हैराण होता. दुसऱ्याच एका दुखण्यासाठी त्यानं खेल्लाचा अर्क घेतला आणि छातीतलं दुखणं थांबलं. 1946 च्या सुमारास आन्रेप यांनी हा धागा पकडला. त्या अर्कातल्या खेलिनच्या धर्तीवर नवे रेणू बनवताना बेल्जियममधल्या लाबाझ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये अमिओडेरोन तयार केलं, तेही छातीच्या दुखण्यासाठीच.

ताल जुळवण्याची त्याची ताकद ओळखली ब्रह्मा सिंग यांनी. फिजीत जन्मलेला, न्यूझीलंडमध्ये डॉक्टर झालेला भारतीय वंशाचा हा तरुण ऑक्सफर्डला वॉन विल्यम्स यांच्या हाताखाली संशोधन करत होता. हे औषध हृदयाच्या पेशीचा प्रत्येक ठोक्यानंतरचा विसावा लांबवतं, हे त्यांनी 1970 साली दाखवलं. विसावा लांबला की भरकटलेल्या लहरीला पुढे पसरायला मोकळी जागाच मिळत नाही. रुग्णांवर त्याचा पद्धतशीर वापर करून जगाला दाखवला बुएनोस आयरेसच्या मॉरिसिओ रोझेनबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1976 मध्ये. फावालोरो 1971 मध्येच मायदेशी परतून त्याच शहरात बायपास करत होते. वळसा घालणारा माणूस आणि वळशानंतरच्या फडफडीवरचं औषध, दोन्ही एकाच शहरात येऊन मिळाली.

अमिओडेरोन साधं औषध नव्हे. त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग आयोडीनचा. ते शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं, थायरॉइड बिघडवतं, क्वचित फुफ्फुसं खराब करतं. पण थोड्या दिवसांसाठी ते उपयोगी पडतं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाशे एक रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मिळून तेरा दिवस हे औषध दिलेल्यांपैकी सुमारे 16 टक्क्यांना तालाचा बिघाड झाला, नुसती साखरेसारखी गोळी दिलेल्यांपैकी साडेएकोणतीस टक्क्यांना.

मग एकदा एएफ आल्यावर ताल जुळवायच्या मागे लागावं, की वेग तेवढा आवरून वाट पाहावी? यावर वॉर्डावॉर्डांत पिढ्यांचे मतभेद होते. 2016 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रुग्णालयांनी मिळून हे तपासलं. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांपैकी 33 टक्क्यांना एएफ झालं. त्यातल्या 523 जणांची दोन गटांत विभागणी केली. दोन्ही गटांतल्या रुग्णांचे रुग्णालयातले दिवस जवळपास सारखेच, पाचाच्या आसपास. साठ दिवसांनी दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांचा ताल सरळ होता. ही फडफड बहुधा निघून जाते. गेली नाही, तर थरथरत्या अलिंदात रक्त साकळून त्याची गुठळी मेंदूकडे जाण्याचा धोका उरतो, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी.

अगदी अलीकडे या कथेत औषधाविनाचा एक उपाय पुन्हा पुढे आला आहे. हृदयाभोवतीच्या पिशवीत शस्त्रक्रियेनंतर रक्त आणि पाणी साचतं आणि ते नेमकं अलिंदाच्या मागे, नळी पोचत नाही अशा कोपऱ्यात बसून त्याला चिथावत राहतं. पिशवीला मागून काही सेंटिमीटरची चीर दिली तर? साचलेलं पाणी डाव्या छातीच्या पोकळीत उतरेल आणि तिथल्या नळीतून बाहेर पडेल. 1995 साली याची एक महत्त्वाची चाचणी प्रसिद्ध झाली. त्या निबंधावर लेखकांत पहिलं नाव मुळे असं आहे आणि ते वाचताना मी क्षणभर थांबलो. छोट्या चाचण्यांवर कुणी फारसा भरवसा ठेवला नाही. पाव शतकानं, 2021 मध्ये, न्यू यॉर्कच्या मारिओ गाउदिनो यांच्या पथकानं 420 रुग्णांवर ती पुन्हा करून पाहिली. चीर न दिलेल्यांत 32 टक्क्यांना एएफ, चीर दिलेल्यांत 17 टक्क्यांना.

आप्पांना ही चीर दिली होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्या दुपारी त्यांना अमिओडेरोनची ड्रिप लावली, पोटॅशियम तपासून वाढवलं. रात्रभर मी बाहेरच्या बाकड्यावर होतो. पहाटे सव्वाचारला सिस्टर दार उघडून बाहेर आल्या आणि मला आत घेऊन गेल्या. मॉनिटरवर 78 होते आणि ते 78 च राहत होते. प्रत्येक उंच रेघेच्या आधी एक छोटी, गोल लाट उमटत होती. सिस्टरनं त्या लाटेवर बोट ठेवलं, मला दाखवली, मग तक्त्यावर वेळ लिहिली. आप्पा झोपेतच होते.